रस्ता बदलला, बोर्ड तसाच का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : काका, दर गणपतीला मुंबईहून चिपळूणला येतो. एकाच हायवेवर कुठे जुन्या दगडावर १७ लिहिलेलं, कुठे नवीन हिरव्या बोर्डवर ६६. पूल होऊन वाहतूक सुरू झालीय तरी "पुढे काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा" तसाच उभा. एवढा खर्च करून रस्ता करतात, मग जुना बोर्ड काढायला काय लागतं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ताई, आधी त्या १७ आणि ६६ चं सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं सोपं आहे. २०१० मधे केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर नव्याने दिले. त्याआधी नंबर जसजसे रस्ते जाहीर झाले तसे पडले होते, त्यावरून दिशा काही कळायची नाही. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम नंबर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे, आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. म्हणून आपला पश्चिम किनाऱ्याचा रस्ता ६६ झाला, पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत. पुणे-सातारा-कोल्हापूरचा ४ नंबर गेला आणि दिल्लीहून मुंबईमार्गे चेन्नईला जाणारा ४८ आला, पुणे-सोलापूर ९ चा ६५ झाला, पुणे-नाशिक ५० चा ६०, नागपूरवरून दक्षिणेला जाणारा ७ चा ४४. गोव्यात पणजी-बेळगाव ४ए होता तो ७४८ झाला. तीन आकडी नंबर असेल तर शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे, म्हणजे ७४८ हा ४८ चा फाटा.

कागदावर हे एका अधिसूचनेत झालं, पण रस्त्यावर तो नंबर हजारो दगडांवर, बोर्डांवर, पुलांच्या कठड्यांवर रंगवलेला, आणि ते सगळं एका हाताखाली नाही. तुमच्याच रस्त्याचं बघा, पनवेल ते इंदापूर (रायगडमधलं) राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, इंदापूरच्या पुढे झारापपर्यंत राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे, त्यात पुन्हा प्रत्येक टप्प्याचा ठेकेदार वेगळा, शहराजवळचा जुना रस्ता बायपास झाल्यावर कुणाकडे द्यायचा यावर पत्रव्यवहार वेगळा. बायपास सुरू झाला की सगळ्यांचं लक्ष बायपासवर, आणि जुन्या रस्त्यावरचे बोर्ड ना धड याचे ना त्याचे.

आता तुमचा खरा प्रश्न, काढायला काय लागतं. मी ३० वर्षं या खात्यात काढली, त्यातली बरीच सेक्शनवर, म्हणजे रस्त्याचा एक ठराविक तुकडा सांभाळण्यात, त्यामुळे हे अगदी आतून सांगतो. नवीन बोर्ड लावणं ही एस्टिमेटमधली आयटेम असते, एवढे नग, अमुक साइज, तमुक दर, ठेकेदार लावतो, आम्ही मोजून एमबीत (मोजमाप वहीत) चढवतो, बिल निघतं. जुना बोर्ड काढणं बहुतेक वेळा एस्टिमेटमधे धरलेलंच नसतं, आणि धरलं तरी त्याचे पैसे इतके किरकोळ की त्यासाठी गाडी, चार माणसं, कटर घेऊन कुणी मुद्दाम जात नाही. वर काढलेला बोर्ड म्हणजे सरकारी माल. त्याची नोंद ठेवा, गोदामात आणा, निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदीतून कमी करण्याचा प्रस्ताव करा, मग भंगाराचा लिलाव. अॅल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी खांब असतो, चोरीला गेला तर जबाब सेक्शनवाल्याने द्यायचा. पूर्वी प्रत्येक सेक्शनला मैलकुली, म्हणजे रस्त्याची रोजची देखभाल करणारे मजूर असायचे, त्यांचा मुकादम रोज रस्त्यावरून चालत जायचा, त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत काम झालेलं असायचं. आता ती माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत, आणि रस्त्यावर रोज पायी फिरणारं कुणी उरलं नाही. मला विचाराल तर जुने बोर्ड राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. गाडीतून जाणाऱ्या साहेबाला तो बोर्ड दिसतच नाही हो, रोज बघून नजरेला सवय होते.

आणखी एक आहे, भीती. बोर्ड काढला आणि दुसऱ्या दिवशी तिथे अपघात झाला तर पहिला प्रश्न, "बोर्ड कुणी काढला?" राहू दिला तर कुणी विचारत नाही. म्हणून हाताखालचा माणूस विचार करतो, असू दे, नडत तर नाही ना.

पण नडतो, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका पुलाच्या कामाला आम्ही नाल्यातून कच्चा डायव्हर्जन रस्ता काढला होता, त्याचा बाण दाखवणारा मोठा बोर्ड. पूल सुरू झाला, पावसाच्या आधी तो कच्चा रस्ता मधोमध तोडून टाकला आणि बोर्ड राहिला. चार-पाच दिवसांचाच प्रश्न होता, काढू म्हणून राहिला. रात्री आंब्याच्या पेट्यांचा एक टेम्पो त्या बाणावर विश्वास ठेवून खाली उतरला. ड्रायव्हर नवीन, त्या बाजूचा नव्हता. हेडलाइटमधे पुढे माती संपलेली दिसली तेव्हा ब्रेक मारला, पुढचं चाक कडेपासून हातभर अंतरावर. सकाळी मी गेलो तर तो मुलगा बोर्डच्या खांबाला टेकून बसलेला, मला एवढंच म्हणाला, "साहेब, बाण होता ना." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या दिवशी बोर्ड मी स्वतः उभा राहून काढून घेतला, आणि त्यानंतर काम संपलं की आधी बोर्ड, मग बिल, हा माझ्या सेक्शनचा नियम केला.

तो टेम्पो थांबला म्हणून निदान कळलं तरी. रोजचं नुकसान वेगळंच आहे, ते कुणाच्या नोंदीत येत नाही. काम संपलेल्या गुळगुळीत चौपदरी रस्त्यावर "वेगमर्यादा २०" बघून कोण २० ने जाणार? कुणीच नाही. असे चार खोटे बोर्ड बघितले की पाचवा, खऱ्या वळणावरचा खरा ४० चा बोर्ड, तोही माणूस तसाच सोडून देतो. म्हणून मी कळकळीने सांगतो, बोर्ड नसण्यापेक्षा चुकीचा बोर्ड वाईट.

प्रश्न : आमच्या बाजूला बोर्डवर औरंगाबादवर छत्रपती संभाजीनगरचं स्टिकर लावलंय, एका बोर्डवर अहमदनगर तसंच आहे, पुढच्यावर अहिल्यानगर. बाहेरचा माणूस गोंधळतो. शिवाय ते स्टिकर रात्री दिसत नाही, असं का? (एक वाचक, गेवराई)

उत्तर : संभाजीनगर आणि धाराशिवच्या नावांना २०२३ मधे मंजुरी मिळाली, त्यावरच्या याचिका हायकोर्टात होत्या, निकाल मे २०२४ मधे लागला. अहिल्यानगर २०२४ चं. कोर्टात प्रकरण असताना मोठ्या गॅन्ट्रीवर (रस्त्यावर आडव्या कमानीवरच्या बोर्डवर) खर्च करायला कार्यालयं कचरतात, त्यामुळे कुठे बदललं कुठे राहिलं.

स्टिकरचं मात्र नीट बघण्यासारखं आहे. बोर्डचा हिरवा पत्रा साधा रंगवलेला नसतो, त्यावर रिफ्लेक्टिव्ह शीट असते, हेडलाइटचा उजेड आला तसा परत तुमच्याच डोळ्यांकडे फेकणारी. शीटच्या प्रकाराप्रमाणे ७ किंवा १० वर्षांची हमी असते. घाईत नाव झाकायला साधं व्हिनाइल चिकटवलं तर दिवसा रंग जुळतो, रात्री आजूबाजूचा सगळा बोर्ड चमकतो आणि नेमकं गावाचं नाव काळा चौकोन होऊन बसतं. मी मागच्या महिन्यात तुमच्याच बाजूला गाडी थांबवून जवळून बघितलं, उन्हाने स्टिकरचा कोपरा सुटलाय, पावसाचं पाणी आत गेलंय, आणि जुन्या नावाचा "बाद" खालून डोकावतोय. पट्टी लावायची तर त्याच दर्जाच्या रिफ्लेक्टिव्ह शीटची हवी, खर्च थोडा जास्त पण काम पुढची काही वर्षं टिकतं. आणि एका रस्त्यावरचे सगळे बोर्ड एकाच वेळी बदलायला हवेत, कारण नाव ओळखीचं नसलेल्या ट्रक ड्रायव्हरला ही दोन वेगळी गावं वाटतात, आणि फाट्यावर विचार करायला त्याच्याकडे दोन-तीन सेकंदच असतात.

प्रश्न : वैतागून आम्ही पोरांनी ठरवलंय की गावाजवळचा जुना डायव्हर्जनचा बोर्ड आपणच उपटून टाकायचा. चालेल का? (एक वाचक, माणगाव)

उत्तर : नको रे बाबांनो. भावना समजते, पण सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणून १९८४ च्या कायद्याखाली गुन्हा तुमच्यावर, आणि खांबाचा बुडखा रस्त्याकडेला राहिला तर मोटरसायकलवाल्याला तोच लागेल.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन करा किंवा राजमार्गयात्रा अॅपवर फोटोसकट तक्रार टाका. राज्य मार्ग असेल (दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्य) तर आपले सरकार पोर्टलवर बांधकाम खात्याच्या नावाने. नुसतं "गावाजवळ" लिहू नका, साखळी क्रमांक म्हणजे जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा लिहा, जुना नवा दोन्ही दगड असतील तर दोन्ही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आलंय, रस्त्याची रचना, बांधकाम आणि देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे जीव गेला किंवा माणूस अपंग झाला तर संबंधित अधिकारी, ठेकेदार यांना १ लाखापर्यंत दंड. तक्रारीत त्याचा साधा उल्लेख करा, म्हणजे पत्र फाइलला लागतं, कारण पुढे काही झालं तर आधी कळवलं होतं याची नोंद राहते.

फोटो दोन काढा, एक दिवसा आणि एक रात्री गाडीच्या उजेडात. आणि तोपर्यंत ग्रामपंचायतीला सांगून कार्यालयाची लेखी परवानगी मागा, त्या बोर्डवर निदान एक पोतं बांधून ठेवायची. आमच्या वेळी शाखा अभियंता ती परवानगी लगेच द्यायचा, पोत्याला खर्च काही येत नाही.