दुपारी मलूल दिसणाऱ्या झाडांना पाणी घालण्याआधी

टोमॅटोची फुलं गळतायत, काकडीची पानं दुपारी माना टाकतात आणि कुंड्यांना दिवसातून तीनदा पाणी घालूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला तरी हा तहानेचा प्रकार वाटत नाही. उलट पाणी जास्त होत असावं.

भर उन्हात पानांतून जितकं पाणी उडून जातं, तितकं मुळं त्याच वेगाने वर पोचवू शकत नाहीत. म्हणून काकडी, दुधी, भोपळा अशी मोठ्या पानांची झाडं ओल्या मातीतही दुपारी लोंबतात आणि ऊन उतरलं की सावरतात. झाड कसं आहे ते सकाळी बघावं. सकाळीही मलूल असेल, तर मातीत दोन पेरं बोट घाला. कोरडं लागलं तरच पाणी. ओलं लागलं तर अजिबात नको, कारण सतत चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मुळं कुजलेलं झाडही हुबेहूब तहानलेल्यासारखंच दिसतं. मग आपण आणखी पाणी ओततो. बरीच चांगली झाडं अशी जातात.

पाणी सकाळीच द्या, सावकाश, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत. वरवर शिंपडलं की मुळं वरच्याच थरात राहतात, आणि तोच थर आधी तापतो. मातीवर सुक्या पालापाचोळ्याचा 5 ते 7 सेंटिमीटर थर पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. उन्हाळ्यात या एका कामाइतका फायदा दुसऱ्या कशाचाच नाही, असं माझं ठाम मत आहे. टोमॅटोच्या फळांची बुडं काळी पडतात तीसुद्धा बहुधा माती कधी कोरडी, कधी चिंब झाल्याने. मातीत कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पोचत नाही.

फुलगळीवर खत हा उपाय नाही. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या आसपास गेलं आणि रात्रीही गारवा नसला की टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत. त्यात खतातलं नत्र (नायट्रोजन) वाढवलं तर नुसता पाला माजतो. दुपारच्या उन्हापुरती शेडनेटची हलकी सावली करा आणि सकाळी फुलांचे घोस हलकेच हलवा. काकडीची सुरुवातीची गळणारी फुलं बहुतेक नर असतात, त्यांची चिंता नको. मादी फुलामागे इवलीशी काकडी दिसते. तीही पिवळी पडून गळत असेल, तर सकाळी ताज्या नर फुलाचे पराग तिच्या फुलाला हाताने लावा.

पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले तर पान उलटून बघा. कोरड्या उष्म्यात लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड मागच्या बाजूला वाढते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवा. निंबोळी तेल वापरायचंच तर ऊन उतरल्यावर, नाहीतर पानं करपतात.

आज पाणी थांबवा, कुंड्यांची छिद्रं बुजलेली नाहीत ना ते तपासा, आणि उद्या सकाळी बोट घातल्यावर माती कशी लागली ते इथे कळवा. त्यावरून पुढचं ठरवू.