कालव्याला पाणी नसताना टर्बाइनची चाचणी

प्रश्न : आमचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कालव्याच्या प्रवाहात उभ्या आसाचं टर्बाइन चालवण्याचा आहे (रोटरचा व्यास १ मीटर, उंची १ मीटर, गिअर १:१५). पेंचच्या कालव्याला पाणी आवर्तनातच मिळतं, म्हणून प्रयोगशाळेत टर्बाइनच्या जागी ३ एचपीची इंडक्शन मोटर लावून जनरेटर फिरवतो. पण लोड कितीही वाढवला तरी फेरे ९४५ वरून हलत नाहीत आणि कमाल शक्ती शोधणारा आमचा प्रोग्रॅम नुसता भरकटतो. काय चुकतंय?
– विद्यार्थी गट, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : तुमचा ड्राइव्ह (मोटरचं नियंत्रण करणारं उपकरण) स्पीड मोडवर आहे. तो फेरे राखायला लागेल तेवढा टॉर्क (फिरवणारा जोर) देत राहतो. पाणी असं वागत नाही. लोड वाढला की रोटर मंदावतो आणि मंदावला की त्याला पाण्याकडून मिळणारा टॉर्कही बदलतो. तेव्हा टॉर्क तुम्ही ठरवा, फेरे लोडला ठरवू द्या. त्यासाठी ड्राइव्ह एन्कोडरसह (शाफ्टचं फिरणं मोजणारा सेन्सर) व्हेक्टर कंट्रोलवर, म्हणजे टॉर्क थेट सांभाळणाऱ्या पद्धतीवर घेऊन टॉर्क मोड निवडा. साध्या व्ही/एफ मोडमध्ये (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरावीक प्रमाणात ठेवणाऱ्या) ही सोय नसते.

आकडे पडताळून घ्या. प्रवाह १.५ मीटर प्रति सेकंद असेल तर १ चौरस मीटरमधून जाणारी शक्ती सुमारे १,६९० वॅट. शक्तिगुणांक (त्यातला रोटरला मिळणारा वाटा) ०.३५ धरला तर हाती ५९० वॅट. टोकवेग-गुणोत्तर (पात्याच्या वेगाला प्रवाहाच्या वेगाने भागून येणारा आकडा) २.२ असताना रोटर मिनिटाला ६३ फेरे घेतो, टॉर्क ८९ न्यूटन-मीटर. गिअरनंतर ९४५ फेरे आणि ६ न्यूटन-मीटर. प्रवाह २ मीटरवर गेला की मोटरला साडेदहा न्यूटन-मीटर लागतील. २ एचपीची मोटर तिथे कमी पडली असती, तुमची पुरेल. लोड अचानक सुटला तर मात्र टॉर्क मोडमधली मोटर बेफाम पळते. ड्राइव्हमध्ये १,५०० फेऱ्यांची मर्यादा आधी घाला, मगच स्विच टाका.

प्रोग्रॅमने दर मिलिसेकंदाला एन्कोडर वाचावा, टोकवेग-गुणोत्तर काढावं, तक्त्यातून त्या गुणोत्तराचा टॉर्क-गुणांक घ्यावा आणि टॉर्कचा आदेश ड्राइव्हच्या अॅनालॉग इनपुटला द्यावा. मॉडबसवरून (ड्राइव्हला संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) पाठवला तर उशीर होतो. तक्ता शक्तिगुणांकाचा ठेवू नका. शक्तीवरून टॉर्क काढताना थांबलेल्या रोटरला शून्याने भागावं लागतं. उभ्या आसाचा असा रोटर कमी वेगात बहुधा स्वतःहून नीट सुरू होत नाही, म्हणून तुमची मोटरही सुरुवातीला अडून बसली तर तो बिघाड समजू नका, तक्ता बरोबर आहे.

खरी अडचण जडत्वाची, म्हणजे वेग बदलायला होणाऱ्या विरोधाची. समजा, रोटरचं जडत्व ७.५ किलो-चौरस मीटर आहे. गिअरच्या वर्गाने, म्हणजे २२५ ने भागलं की मोटरच्या शाफ्टवर ०.०३३ उरतं. मोटर आणि जनरेटर मिळून ०.०१५ असेल, तर ०.०१८ ची तूट राहते. ही तूट बहुतेक जण वेगाच्या बदलावरून, सॉफ्टवेअरने भरून काढतात. इथेच खटका उडतो. १,०२४ पल्सच्या एन्कोडरच्या चारही कडा मोजल्या तरी एका मिलिसेकंदात एका गणतीची चूक म्हणजे सेकंदाला दीड रेडियन. तिचं अवकलन केलं (बदलाचा दर काढला) की प्रवेग १,५०० च्या वर दिसतो आणि आदेश २७ न्यूटन-मीटर निघतो! मोटरची क्षमता १४ च्या आसपास. शिवाय तूट मोटर-जनरेटरच्या जडत्वाहून मोठी असल्याने, प्रोग्रॅमच्या एका पायरीचा उशीर झाला तरी चूक दर पायरीला वाढत जाते. ८ हर्ट्झचा फिल्टर लावला की बरंच शमतं.

आमचा सल्ला मात्र वेगळा आहे. लेथवर २० सेंटिमीटर व्यासाची, १५ मिलिमीटर जाडीची पोलादी चकती काढून घ्या. वजन पावणेचार किलोच्या आत राहील, जडत्व सुमारे ०.०१८५. ती शाफ्टवर चढवली की तूट जवळपास मिटते आणि सॉफ्टवेअरमधून ते पदच काढून टाकता येतं. चकतीचं बॅलन्सिंग करून घ्या आणि वर जाळी बसवा.

प्रश्न : मे महिन्यात अर्ध्या तासातच मोटर तापून ड्राइव्ह ट्रिप होतो.
– तेच विद्यार्थी

उत्तर : मोटरच्या पाटीवरची क्षमता साधारणपणे ४० अंश सभोवतालच्या तापमानाला धरलेली असते, नागपूरचा मे ४५ च्या पुढे जातो. त्यात शाफ्टवरचा पंखा ९४५ फेऱ्यांना दोन-तृतीयांशच्या आसपास वारा देतो. मोटरवर वेगळा ब्लोअर लावा आणि २ मीटर प्रवाहाच्या चाचण्या सकाळी आटपून घ्या.