सहा मेसचालकांनी मिळून किराणा घेतला तर इतवारीतला ठोक व्यापारी किती सूट देईल?

नागपूरच्या नंदनवन भागातील सहा लहान मेसचालकांनी तेल, तांदूळ आणि तूरडाळ एकत्र घेतल्यास ठोक व्यापाऱ्याकडून किती टक्के सूट मागावी, असे आपण विचारले आहे. मी प्रतापनगरकडे विद्यार्थ्यांची मेस चालवतो आणि गेली चार वर्षे आम्ही पाच जण मिळून किराणा घेतो, तेव्हा अनुभवावरून लिहितो.

टक्क्यांचा प्रश्न आधी बाजूला ठेवावा. आम्ही पहिल्यांदा इतवारीतल्या किराणा ओळीत, म्हणजे ठोक किराण्याच्या बाजारात, गेलो तेव्हा पाच जणांना मिळून महिन्याला तेलाचे किती डबे लागतात ते सांगून भाव विचारला होता. व्यापाऱ्याने चहा पाजला आणि डब्यामागे पाच रुपये कमी केले. त्याचे काही चुकले नव्हते, कारण पाच पत्त्यांवर पाच फेऱ्या, पाच उधाऱ्या आणि वसुलीचे पाच फोन हे सारे त्याच्या मागे तसेच राहणार होते. तेल-डाळीच्या ठोक व्यापारात नफा मुळातच थोडा असतो. आपल्यामुळे त्याचा जो खर्च आणि जी जोखीम वाचेल त्यातूनच तो आपल्याला काही देऊ शकतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही वेगळे बोललो. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी एकच यादी येईल, सगळा माल एकाच मेसवर उतरेल आणि गाडी रिकामी होताच पूर्ण पैसे मिळतील, एवढे सांगितल्यावर व्यापाऱ्याने स्वतःहून कॅल्क्युलेटर पुढे ओढला. यातील रोखीचे कलम सर्वांत वजनदार आहे. महिन्याच्या उधारीऐवजी रोख दिल्यास 2 टक्के सूट मिळत असेल, तर उधारीवर माल घेणारा त्या उधारीपोटी वर्षाला साधारण 24 टक्के व्याज भरतो, आणि बहुतेक मेसचालकांना हे व्याज भावातच मिसळलेले असल्याने दिसत नाही.

रोखीचा शब्द पाळायचा असेल तर यादी देण्यापूर्वीच प्रत्येकाचे पैसे एका जणाकडे जमा झाले पाहिजेत. आमच्यातील एकाने तिसऱ्याच खेपेला ‘उद्या देतो’ म्हटले, उरलेल्या चौघांनी त्याचा वाटा भरला आणि ते पैसे परत यायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून ज्याचे पैसे आले नाहीत त्याचा माल यादीत जात नाही, मग तो कितीही जुना मित्र असो.

तेलाचा भाव महिनाभरासाठी बांधून घेऊ नये, हे आम्ही ठेच लागून शिकलो. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवले आणि बाजार एकाएकी चढला. आमच्या व्यापाऱ्याने ठरलेला भाव नाकारला नाही, फक्त ‘माल आला नाही’ असे दोन आठवडे सांगत राहिला. आता आम्ही भावाऐवजी फरक ठरवतो: त्या दिवशीच्या ठोक भावापेक्षा डब्यामागे इतके रुपये कमी. भाव चढो वा उतरो, दोघांनाही शब्द पाळणे परवडते.

दोन व्यापाऱ्यांच्या भावांची तुलना करताना डब्यावरचा मजकूर वाचावा. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा दिसायला सारखेच, परंतु लिटरच्या डब्यात तेल जेमतेम साडेतेरा-पावणेचौदा किलो असते, आणि मोठी सूट म्हणून पुढे केली जाणारी रक्कम पुष्कळदा याच फरकात लपलेली असते. भाव हमाली आणि गाडीभाड्यासह, म्हणजे मेसपोच, मागावा. तांदळाबाबत आणखी एक गोष्ट आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, त्याहून मोठ्या पोत्यावर लागत नाही. मेसला खरेदीवरील कराची वजावट सहसा मिळत नसल्याने, तोच तांदूळ 30 किलोच्या कट्ट्यात मिळत असेल तर घासाघीस करून मिळणाऱ्या कोणत्याही सुटीपेक्षा ही बचत मोठी ठरते.

बिले मात्र प्रत्येकाच्या नावाने वेगळी घ्यावीत आणि सूट बिलावरच दाखवायला सांगावी. सगळा माल एकाच्या नावावर घेऊन इतरांना वाटला, तर कागदोपत्री तो एक जण व्यापारी ठरतो आणि सगळी उलाढाल त्याच्या खात्यावर चढते.

तूरडाळीसाठी जानेवारीनंतर कळमना बाजारात नव्या तुरीची आवक वाढली की बोलणी करावी, पण तीन महिन्यांहून अधिक साठा करू नये, उन्हाळा सरता सरता सोंडे लागतात. भाजी ज्याची त्याने कॉटन मार्केटमधून आणावी. मसाल्याच्या वाटेला तर जाऊच नये. सावजी मसाल्यावर नागपुरातील सहा स्वयंपाकघरांचे एकमत होणे नाही.

आता टक्के. वरील अटींवर आम्हाला तेलावर दीड आणि तांदळावर अडीच टक्क्यांच्या आसपास सूट मिळते, गाडीभाडे व्यापाऱ्याकडे. आपण सहा जण असल्याने थोडे अधिक मागून पाहावे, परंतु पहिले दोन महिने फक्त तेलच एकत्र घ्यावे, कारण सहाही जणांनी तेलाच्या एकाच ब्रँडवर होकार देणे, हीच आपली पहिली घासाघीस असेल आणि ती इतवारीत नव्हे, आपसांतच करावी लागेल.