संकीर्ण प्रश्नसंग्रह एका बैठकीत संपवायचाच का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही वारज्याला राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा, दोन वर्षं झाली घरीच शिकतोय, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी द्यायचं ठरलंय. बालभारतीचंच पुस्तक वापरतो. धड्यामधले सरावसंच तो बरे करतो, पण धड्याच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह आला की घरात महाभारत. दहाला बसतो ते एक वाजला तरी उठत नाही, अर्धा वेळ पेन्सिलला टोक करणं नाहीतर पाणी प्यायला जाणं. परवा तर वहीच मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी म्हणते घेतलंय ना, मग पुरं कर. नवरा म्हणतो एकाआड एक गणित सोडवलं तरी चालतं. रात्री सगळं आवरून मी तपासायला बसते तेव्हा मलाच झोप येते. ह्या वयात एका बैठकीत सगळं झालंच पाहिजे का? आणि कमी केलं तर परीक्षेत मार बसेल का?

उत्तर : अहो, आधी एक सांगते, तो आळशी नाहीये. तीन तास सलग गणित मलाही होत नाही, आणि मी दोन मुलांना घरी शिकवून दहावीच्या पार नेलंय.

माझंच सांगते. मोठी मुलगी दहावीचं एकसामयिक समीकरणांचं प्रकरण करत होती. मी स्वैपाकघरात मटकीला फोडणी देत होते आणि मनात खूश, की बघा किती शांत बसलीये, दोन तास हूं का चूं नाही. जेवणं झाल्यावर वही उघडली. 2 एक्स वजा 3 वाय बरोबर 12 आणि 2 एक्स अधिक वाय बरोबर 4, ह्यात खालचं समीकरण वरच्यातून वजा करायचं. बाईंनी खालच्या वायचं चिन्हच बदललं नव्हतं, त्यामुळे वजा 4 वाय यायच्या जागी वजा 2 वाय आलं आणि वायची किंमत वजा 2 ऐवजी वजा 4. ठीक आहे, होतं असं. पण खाली बघते तर वजाबाकी आली की प्रत्येक गणितात तेच! अठरा गणितं, सुबक अक्षर, पट्टीने आखलेल्या रेघा, आणि एकच चूक अठरा वेळा घोटून पक्की केलेली. ती मोडायला मला पुढे पंधरा दिवस लागले.

तर लांबलचक सराव एका दमात करण्यातला खरा धोका हा आहे. मूल दमतं ते दमतंच, पण चूक कळायला इतका उशीर होतो की तोवर ती सवय झालेली असते. म्हणून रात्रीचं तपासणं आजपासून बंद करा. पुस्तकात मागे उत्तरं दिलेली आहेत, ती लपवून ठेवू नका, पंधरा वर्षांच्या मुलाकडून कसली लपवाछपवी. दर दोन-तीन गणितं झाली की त्याने स्वतः मागे बघायचं, जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर तिथेच थांबून कुठे घसरलो ते शोधायचं. समीकरणात तर मागे बघायचीही गरज नाही, आलेल्या किमती दोन्ही समीकरणांत घालून बघायच्या. माझ्या लेकीने घातल्या असत्या तर पहिल्याच गणितात 12 च्या जागी 20 आले असते.

आता किती आणि कसं. प्रश्नसंग्रह सुरू करायच्या दिवशी काहीच सोडवायचं नाही. पेन्सिल घेऊन नुसता वाचायचा, येतंय वाटलं तिथे टिक, डळमळीत वाटलं तिथे टिंब, काहीच सुचत नाही तिथे फुली. वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवसापासून टिंबवाली आधी घ्यायची, कारण शिकणं तिथेच होतं. टिकवाल्यांतली दोन-चार सोडवली की बास, आणि इथे तुमच्या मिस्टरांचं एकाआड एक चालेल. पण सगळ्याच संग्रहाला ते लावू नका, कारण गणितं चढत्या क्रमाने अवघड होत जातात आणि नेमकं शेवटचं टोचणारं गणित सुटून जातं. फुलीवाली तुम्ही शेजारी बसून, रोज एक, जास्त नाही. पहिल्या प्रश्नातले अचूक पर्याय निवडा वाले मुलं टिचकीसरशी उडवतात, त्यातल्या एखाद्याला फक्त विचारा की बाकीचे तीन का नाहीत, मग बघा गंमत.

सकाळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, घड्याळ लावून. वेळ झाली की गणित अर्धवट असलं तरी उठायचं, हे पाळाच, कारण संपवल्याशिवाय सुटका नाही हे कळलं की तो सुरुवातच करत नाही. पेन्सिलला टोक त्यासाठीच असतं. दुपारी चहाच्या आधी अजून वीस मिनिटं. असा एक संग्रह चार-पाच दिवस चालतो, चालू दे.

आणि ह्या चार-पाच दिवसांत रोज दोन गणितं जुन्या धड्यातली घुसवायची. वर्गसमीकरणं चालली असतील तर एक अंकगणिती श्रेढीचं, एक समरूपतेचं. दोन कारणं आहेत. एक तर विसरणं. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली मांडलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर गळतं, आणि तेवढीच घोकंपट्टी दिवसांवर पसरली तर जास्त टिकतं. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धड्याच्या शेवटी बसलेल्या पोराला गणित वाचायच्या आधीच रीत माहीत असते, वरती ठळक अक्षरात नावच छापलेलं असतं ना. बोर्डाच्या पेपरात तसं काही नसतं. दर महिन्याला बचत ठरावीक रकमेने वाढत गेली असं आलं की ही श्रेढी आहे हे त्याचं त्यालाच ओळखावं लागतं, आणि ते ओळखायचा सराव नुसत्या एका धड्याच्या पन्नास गणितांनी होत नाही.

चुकलेल्या गणितांसाठी वेगळी शंभर पानी वही करा. चूक दुरुस्त करून लगेच पुन्हा सोडवलं तर ती नुसती नक्कल होते, तीन दिवसांनी कोऱ्या पानावर, जुनं न बघता सोडवायचं. आलं की पानावर तारीख टाकून काट. आमच्याकडे ही वही एवढी लाडकी झाली होती की धाकट्याने तिला वेष्टन घातलं होतं, पुस्तकांना कधी घातलं नाही ते सोडा.

प्रश्न : (सिंहगड रोडवरून एक बाबा) वेळ लावून पूर्ण पेपर कधीपासून सोडवून घ्यावेत? मुलगी रोज मागे लागते.

उत्तर : मागे लागते म्हणजे नशीबवान आहात! गणित भाग 1 आणि भाग 2 चे पेपर 40-40 मार्कांचे, प्रत्येकी दोन तास, म्हणजे मार्काला तीन मिनिटं. आधी तेवढंच वापरा, तीन मार्कांचं एखादं गणित द्या आणि नऊ मिनिटं लावा. सगळे धडे एकदा होईपर्यंत पूर्ण पेपर नको, नाहीतर न शिकवलेल्या प्रश्नांपुढे बसून उगाच धीर खचतो. त्यानंतर आठवड्याला एक, एकदा भाग 1 एकदा भाग 2, आणि ज्या दिवशी पेपर त्या दिवशी गणिताचं दुसरं काहीही नाही.