रिकाम्या पदाचा पगार कुठे जातो?

प्रिय पोरी,

ऑर्डर मिळाल्याचा तुझा मेसेज वाचला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, सामाजिक कार्यकर्ता, कंत्राटी, अकरा महिने. अभिनंदन! पेशंटशी कसं बोलायचं ते तू कॉलेजात शिकली आहेस, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मी लिहिते आहे कागदांबद्दल, कारण या कार्यक्रमातले पैसे आणि माणसं दोन्ही तिथेच अडतात.

टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, तू, नर्स अशी पदं मंजूर असतात. रुजू झालीस की एखादी तरी खुर्ची रिकामी दिसेल, बहुधा डॉक्टरांची. देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही. आकडा 0.75 सांगतात, हवेत किमान 3. असा माणूस कंत्राटी मानधनावर तालुक्याला कशाला येईल? त्याला नावं ठेवू नकोस.

आता गंमत बघ. पद रिकामं, म्हणून पगार खर्च होत नाही. मार्चअखेर शिल्लक दिसते. मग वरून शेरा येतो की जिल्हा निधीच वापरत नाही. पुढच्या पीआयपीत, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या आराखड्यात, आकडा कापला जातो, आणि आकडाच नाही म्हटल्यावर जाहिरात कसली काढणार? पैसे केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40, पण हा फेरा दोघांपैकी कोणीही मोडत नाही. उरलेला निधी संपवायला मग फेब्रुवारीत कार्यशाळा निघतात, बॅनर छापले जातात. त्या बॅनरवर तुझाही फोटो येईल, हरकत नाही.

वरच्या पातळीवरचं चित्रही डोक्यात असू दे. 2023-24 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याच्या नावावर दाखवलेल्या सुमारे 919 कोटींपैकी 721 कोटी एकट्या बंगळूरच्या निमहान्स या केंद्रीय मानसोपचार संस्थेचे होते आणि 134 कोटींच्या आसपास टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचे. जिल्ह्याचा पैसा या हिशोबात नसतोच, तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या (एनएचएम) पोटात असतो आणि तिथे माता-बाल आरोग्य, क्षयरोग यांच्या मागे उभा राहतो. आपल्या राज्यात मानसिक आरोग्य म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं येतात. 1996 पासून चालत आलेला जिल्ह्याचा कार्यक्रम कोणाला आठवत नाही. टेलि-मानसचा 14416 नंबर मात्र प्रत्येकाला दे. रात्री अकरा वाजता तू नसतेस, ते असतात. पण फोनवरून गोळी हातात पडत नाही.

गोळीचंच सांगते. ग्रामीण रुग्णालयातली मंगळवारची ओपीडी धर. एक आई पस्तिशीच्या मुलाला घेऊन येते. एसटीत तिला अर्धं तिकीट, त्याला पूर्ण, आणि दोघांचा रोज बुडालेला. रिस्पेरिडोन ही मनोविकारावरची गोळी महिन्याभराची हवी असते, साठ्यात असते आठवड्याची. उरलेली बाहेरून घ्या म्हणून तिला चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठीची घडी घालून पिशवीत ठेवते आणि मेडिकलवर न जाता थेट स्टँडवर जाते. रजिस्टरात त्या दिवशी काय लिहिलेलं असतं? ‘रुग्ण तपासला, औषध दिले.’ म्हणजे कागदावर टंचाई नाहीच.

म्हणून पहिल्या आठवड्यात रजिस्टरला दोन रकाने वाढव: किती दिवसांचं औषध हवं होतं, किती दिवसांचं दिलं. डॉक्टर नाहीत म्हणून ओपीडी रद्द झाली तर पान कोरं सोडू नकोस. ‘मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध नाहीत, इतके रुग्ण परत गेले’ असं तारखेनिशी लिही. महिन्याच्या शेवटी याची बेरीज मागणीपत्राला जोड, सिव्हिल सर्जनांच्या नावे पाठव, आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय टेबल सोडू नकोस. मागणीपत्रात 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 घाल. आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे, कायम आणि मोफत मिळायला हवीत असं ते सांगतं. कलम 31 ही घाल: लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेसे तज्ज्ञ उभे करायचा प्रयत्न सरकारने दहा वर्षांत करायचा आहे. कायदा 29 मे 2018 ला लागू झाला. हिशोब तूच कर.

या आकड्यांनी लगेच काही हलणार नाही. पण अधिवेशनात तारांकित प्रश्न लागला की मंत्रालयातून तासाभरात माहिती मागतात, आणि ज्या जिल्ह्याकडे आकडे तयार असतात त्याचेच पुढे जातात. तेव्हा फाइल हाताशी हवी. एनएचएमच्या अकाउंटंटशी सलोखा ठेव. कोणत्या हेडखाली किती पडून आहे आणि पुरवणी मागणी कधी जाते, हे त्यांच्याइतकं साहेबांनाही माहीत नसतं.

मनुष्यबळ कमी म्हणून तुला दुसऱ्या कार्यक्रमाच्या नोंदी करायला बसवतील. तोंडावर नाही म्हणू नकोस, लेखी आदेश माग. निम्म्या वेळा तो येतच नाही.

अजून एक. दोन ऑर्डरींच्या मध्ये एक दिवसाचा खंड देतात, त्या दिवशी तू कागदोपत्री कर्मचारी नसतेस. ती तारीख आत्ताच काढून ठेव आणि त्या दिवशी कोणालाही तपासणीला बोलावू नकोस.

तुझी,
मॅडम