कोलोनोस्कोपीत निळा रंग कशाला फवारतात?

"बाबांना बारा वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. ठाण्यातले डॉक्टर म्हणतात, या वेळी कोलोनोस्कोपीत निळा रंग फवारू. गरज आहे की बिल फुगवायचा प्रकार?" असं तुम्ही विचारलंय. (हा कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज आणि जखमा राहण्याचा आजार; कोलोनोस्कोपी म्हणजे ते आतडं आतून कॅमेऱ्याच्या नळीने, म्हणजे स्कोपने, बघणं.)

मी डॉक्टर नाही. वाशीत एंडोस्कोपी टेक्निशियन आहे, म्हणजे रंगाची सिरिंज भरून देणारा माणूस. तुमच्या बाबांच्या बाबतीत तरी मला हा बिल फुगवायचा प्रकार वाटत नाही.

देठावर लोंबणारा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची गाठ, कुणालाही दिसतो. कोलायटिसमध्ये भीती असते ती अस्तराला चिकटून बसलेल्या, पुढे कर्करोग होऊ शकेल अशा चपट्या वाढीची. गुलाबीवर गुलाबी, दिसणार कशी? इंडिगो कार्मिन नावाचा निळा रंग पेशींत शिरत नाही, नुसता खाचाखोचांत साचतो. नीळ दिलेला शर्ट नीट पिळला नाही तर शिवणीत निळ्या रेघा उरतात ना, तसंच. मग उंचवट्याची कड उठून दिसते. मिथिलीन ब्लू या दुसऱ्या निळ्या रंगाची तऱ्हा वेगळी. ते अस्तराच्या पेशी शोषून घेतात आणि बिघडलेली जागा बहुधा फिकी राहते.

पूर्वी दर 10 सेंटीमीटरला चारी बाजूंनी अस्तराचे तुकडे तपासायला घ्यायचे, एकूण तीसेक तरी, सगळे अंदाजपंचे. रंगामुळे संशय येईल तिथेच चिमटा लावून तुकडा घेता येतो. 2015 च्या 'सीनिक' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीत कोलायटिसच्या रुग्णांसाठी रंगाची शिफारस आहे. साधा स्कोप असेल तर ठाम, एचडी (जास्त स्पष्ट चित्र दाखवणारा) स्कोप असेल तर जरा मवाळ. म्हणून स्कोप कुठला आहे, ते डॉक्टरांना जरूर विचारा.

कोलायटिस नसलेल्यांनाही फायदा होतो, पण माफक. 2019 च्या एका चाचणीत मिथिलीन ब्लूच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी सुमारे 56 टक्के लोकांत अ‍ॅडेनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणारी गाठ) किंवा कर्करोग सापडला, खोटी गोळी घेतलेल्यांत 48.

बाबा डिप्रेशनची गोळी घेत असतील किंवा त्यांना जी-6-पी-डीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल, तर आधीच सांगा. मिथिलीन ब्लूच्या बाबतीत ते महत्त्वाचं आहे. नंतर लघवी निळी-हिरवी झाली तर घाबरू नका. कोलायटिस भडकलेला असेल तर तपासणी शक्यतो पुढे ढकलतात, कारण सूज आणि बिघाड यांतला फरक कळत नाही.

खरी अडचण मात्र रंगाची नसते, पोट साफ नसण्याची असते. मळावर रंग फवारून काय दिसणार? पोट साफ करायच्या पावडरचा पहाटेचा दुसरा डोस लोक हमखास अर्धा सोडतात. तो पूर्ण घ्यायला लावा. टोमॅटो, पेरू, बियांचं काही दोन-तीन दिवस आधीपासून बंद. बिया स्कोपच्या नळीत अडकतात आणि शिव्या मला बसतात.

आणि त्या सकाळी लोकलने नेऊ नका. आमच्याकडे एक काका ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने निघाले. रबाळेला उतरले, कोपरखैरण्याला पुन्हा उतरले, तुर्भ्याला परत. नऊची वेळ होती, पोचले साडेअकराला.