मांजराच्या तोंडून सुटलेलं कोंबडीचं पिल्लू घरी आणलंय, काय करू?

आधी ऊब. हळद, औषध, दाणापाणी सगळं नंतर.

तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्यात पार्किंगमध्ये मांजरानं टाकलेलं एक-दोन दिवसांचं पिल्लू मिळालं, पंखाखाली रक्त आहे, एक पाय ओढतंय आणि काही खात नाहीये. न खाण्याची काळजी तूर्त सोडा. पिल्लू अंड्यातला बलक पोटात घेऊनच बाहेर येतं, त्यावर पहिले दोन-तीन दिवस निभतात. गारठ्यानं मात्र काही तासांत जातं.

मी घणसोली गावठाणातला. घरामागे अजून खुराडं आहे, आणि माझ्या हातून मेलेलं पहिलं पिल्लू त्याच खुराड्यातलं. आठवीत होतो. कावळ्यानं टोचलेलं, गार पडलेलं पिल्लू उचललं आणि ड्रॉपरनं चोचीत साखरपाणी सोडलं. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं हे तेव्हा कुठे माहीत! दोन मिनिटांत मान टाकली. आत्यानं फक्त विचारलं, ‘आधी शेकलं होतंस का?’

तर बुटाचं खोकं घ्या, तळाला जुना टॉवेल. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात. एका कोपऱ्यावर ६० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही, त्याला उष्णताच नसते. पिवळा बल्ब हल्ली चटकन मिळत नाही, जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा. तोवर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण ३५ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दुसरा कोपरा थंडच राहू द्या, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. थर्मामीटर नसला तरी आवाज सांगतो: कर्कश, न थांबणारी चिवचिव म्हणजे गारठलंय, चोच उघडून धापा म्हणजे उकडतंय, बारीक कुजबुज म्हणजे बरं चाललंय. मे महिन्यात आपल्याकडे दिवसा बल्बची गरजही पडत नाही. पावसाळ्यात रात्रंदिवस लागतो.

अंग कोमट झालं की जखम बघा. पाव लिटर पाणी उकळून गार करा, त्यात सपाट अर्धा चमचा मीठ घाला आणि कापसानं हळूच पुसा. मग पोव्हिडोन आयोडीन, फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. डेटॉल नको. आमच्याकडे हळद खोबरेल तेलात कालवून लावतात, पण तेलानं पिसं चिकटतात आणि पिल्लू पुन्हा गारठतं. वरून जाळी घाला, जखमेवर माशी बसली तर अळ्या पडतात.

मांजराचा दात टोचून गेला असेल तर भोक दिसायला टाचणीएवढं असतं आणि आत जंतू पसरतात. यासाठी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे जा, अँटिबायोटिक लागतंच. घरातली उरलेली गोळी कुटून देऊ नका. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांना आधी फोन करून पक्षी बघता का ते विचारा, नाहीतर परळचं बैलघोडा हॉस्पिटल. नेताना खोक्यात बाटली असू द्या.

पाय. दोन्ही पाय बाजूला फाकत असतील तर मोडलेले नाहीत. मऊ चिकटपट्टी इंग्रजी आठासारखी दोन्ही पायांना बांधा, मधे नेहमी उभं राहण्याएवढं अंतर ठेवून. तीन-चार दिवसांत सावरतं. नळी मोडली असेल तर शहाळ्याची स्ट्रॉ उभी कापून, आत कापूस घालून तिची पट्टी करा. बोटं सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झालीय, सोडवा. हाड दोन-तीन आठवड्यांत धरतं. मांडीत मोडलं असेल तर घरी बांधायला जाऊ नका. आणि मान पिळवटून मागे जात असेल तर ती इजा नसून मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग, असू शकते. मग त्याला इतर कोंबड्यांजवळ नेऊ नका.

पाणी बाटलीच्या झाकणात, खडे टाकून, नाहीतर त्यातच बुडतं. चोचीचं टोक फक्त भिजवा, पुढचं ते शिकतं. पिल्लांचं स्टार्टर खाद्य मिळालं तर उत्तम, नाहीतर तांदळाची कणी आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. कोंबडीला अंडं म्हणून घरचे हसतील, हसू द्या. दूध नको.

एकटं पिल्लू ओरडून दमतं, खोक्यात छोटा आरसा ठेवा. दुसरी पिल्लं सोबतीला आणलीत तर जाळीपलीकडे ठेवा, लाल दिसलं की ती टोचतात.

हे सगळं करूनही दोन दिवसांत जाऊ शकतं. जगलं तर सहा आठवड्यांत अंगभर पिसं येतील आणि खोकं पुरणार नाही. नर निघाला तर पहाटे चारला आरवेल आणि सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा राहील. तेव्हा गावठाणात कुणाला द्याल तर आधी स्पष्ट विचारून घ्या, पाळणार की रविवारी कापणार. आमच्याकडे तरी लोक खरं सांगतात.